प्रारूप विकास आराखड्यावर हरकत घेताना: शाळा, मैदान, दवाखान्यांची आरक्षणं कशी तपासायची

प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरातली कुठली जमीन पुढे कशासाठी वापरायची याचा पालिकेचा कच्चा नकाशा आणि अहवाल, जाहीर झाला की ज्यांच्या जमिनीवर शाळा-मैदानासारख्या सुविधेचं आरक्षण पडलंय ते तडक वकील गाठतात. बाकीचं शहर व्हॉट्सॲपवर नकाशाचे धूसर फोटो पाठवत बसतं. मुदत संपायला दोन दिवस उरले की कुणीतरी एक मजकूर टाइप करतो, त्याच्या पाचशे झेरॉक्स निघतात, सोसायट्यांमधून सह्या होतात आणि गठ्ठा पालिकेच्या आवक टेबलावर जाऊन पडतो. ‘आमच्या भागात सुविधा अपुऱ्या आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ अशा हरकतीचं पुढे काय होतं? पाचशे कागद एका गटात बांधले जातात आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘नोंद घेतली’ असं लिहिलं जातं.

जमीनमालकाची हरकत मात्र गट नंबर, क्षेत्र, मोजणी नकाशा आणि पर्यायी जागेसकट येते. म्हणून मैदानं सरकतात ती मालकाच्या बाजूने. हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांची जमीन आरक्षणात गेलेली नाही पण ज्यांच्या मुलांना पुढची वीस वर्षं शाळा, मैदान आणि दवाखाना लागणार आहे. तुमच्या हरकतीने तीन प्रश्नांची उत्तरं दिली पाहिजेत: कुठली जागा, किती कमी पडतंय, आणि त्याऐवजी काय करायचं. खालचे सगळे टप्पे त्या तीन उत्तरांसाठी आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक जण हरकत लिहिण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतं.

## 1. आधी मुदत, मग कागद

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली प्रारूप आराखड्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत निघते. हरकतींची मुदत त्या सूचनेतच छापलेली असते. कुणी सांगितलं म्हणून ‘साठ दिवस आहेत’ असं धरून चालू नका. सूचना स्वतः वाचा, तिचा फोटो काढून ठेवा आणि शेवटची तारीख कॅलेंडरवर तीन दिवस अलीकडे लिहा. मुदतवाढ मिळते, पण ती मिळेलच या भरवशावर काम करायचं नसतं.

मग हे कागद जमवा:

- प्रारूप आराखड्याचा तुमच्या भागाचा नकाशा, छापील आणि वाचता येईल इतका मोठा
- आराखड्याचा अहवाल, त्यातला लोकसंख्येचा अंदाज आणि नियोजन प्रमाणकांचा (किती लोकांमागे कोणती सुविधा किती) तक्ता
- आरक्षणांची यादी: क्रमांक, प्रयोजन, गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र
- विद्यमान जमीन वापर नकाशा
- आधीचा मंजूर आराखडा, आणि नव्याने हद्दीत आलेलं गाव असेल तर प्रादेशिक योजनेचा नकाशा
- गाव नकाशा आणि संशयास्पद गटांचे सातबारा (महाभूलेख आणि महाभूनकाशा या पोर्टलांवर बरंच काही मिळतं)

यातला सगळ्यात कामाचा कागद अहवाल, आणि तोच कुणी मागत नाही. नकाशा रंगीत असतो, भिंतीवर लागतो, लोक त्याच्याभोवती गर्दी करतात. पण पालिकेने पुढच्या वीस वर्षांसाठी किती माणसं धरली आणि किती शाळा पुरेशा मानल्या, हे अहवालात असतं. नगररचना विभागात जाऊन तो मागा. फी भरून प्रत मिळते. नाहीच दिली तर लेखी अर्ज करा आणि त्याची पोच जपून ठेवा, ती पुढे हरकतीवरच्या सुनावणीत उपयोगी पडते.

सावधान: संकेतस्थळावरची पीडीएफ मोठी करून पाहिली की गट नंबरांवर रंगाचा थर येऊन आकडे बुजलेले दिसतात. 3 आणि 8 यात गल्लत होते. गट नंबर नेहमी आरक्षणांच्या यादीवरून घ्या आणि गाव नकाशावर ताडून पाहा.

मुदत 30 दिवसांची असेल तर पहिले चार-पाच दिवस कागदांना, पुढचे दोन आठवडे पायी फिरायला, त्यानंतरचे दिवस लिहायला आणि शेवटचे तीन दिवस मोकळे ठेवा. फिरण्याचे दिवस कापू नका.

## 2. लोकसंख्येचा आकडा तपासा

2021 ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. म्हणजे ती हाती येईपर्यंतच्या आराखड्यांना 2011 चे आकडे पायाला घ्यावे लागतात. त्यावरून पुढचा अंदाज कोणत्या पद्धतीने काढला, यावर सगळं अवलंबून असतं.

पिंपरी-चिंचवड घ्या. 2001 ला तिथे सुमारे 10.1 लाख लोक होते, 2011 ला 17.3 लाख. दर दशकात 7.2 लाखांची भर पडत राहील असं धरलं तर 2031 चा आकडा 31.7 लाखांच्या आसपास येतो. वाढीचा दर तोच राहील असं धरलं तर तोच आकडा 50 लाखांवर जातो. शहर एक, जनगणना त्याच दोन, आणि फरक 19 लाख माणसांचा. म्हणून ‘अंदाज चुकीचा आहे’ असं म्हणण्याआधी अहवालात पद्धत कोणती वापरली ते शोधा. बहुतेक अहवालांत दोन-तीन पद्धतींचे आकडे दिलेले असतात आणि त्यातला एक निवडलेला असतो, किंवा सरासरी काढलेली असते. सगळ्यात लहान आकडा घेतला असेल तर का घेतला, हा पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट, शहराचा एकूण आकडा बरोबर असूनही तुमच्या भागाचा चुकलेला असू शकतो. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर आली, त्याच काळात उपनगरं वाढत होती. मध्यवस्ती रिकामी होते आणि कडेची गावं फुगतात, हे थोड्याफार फरकाने सगळीकडे चालू आहे. पुण्यात 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं हद्दीत आली. अशा गावांना 2011 ची ‘गाव’ म्हणून असलेली लोकसंख्या लावली तर तिथल्या बारा-बारा मजली इमारती हिशेबातच येत नाहीत.

पडताळणीसाठी जनगणनेची वाट पाहायला नको. तुमच्या भागातल्या निवासी मालमत्ताकर नोंदी किंवा घरगुती वीजजोडण्या मिळवा आणि त्यांना घरटी चार माणसांनी गुणा. अगदी अचूक आकडा येणार नाही, पण अहवालातला आकडा त्याच्या निम्मा असेल तर हरकतीचा पहिला मुद्दा तुम्हाला मिळाला. मतदारयादी यासाठी वापरू नका. भाडेकरूंची नावं गावाकडे असतात आणि लहान मुलं यादीत नसतातच. शाळा नेमक्या त्यांच्यासाठी लागतात.

## 3. आज काय आहे ते पायी पाहा

आराखडा करण्याआधी पालिकेने कलम 25 खाली विद्यमान जमीन वापर नकाशा केलेला असतो. शाळा आहे, मैदान आहे, दवाखाना आहे असं तिथे दाखवलं की तेवढी गरज भागली असं पुढच्या हिशेबात धरलं जातं. या नकाशात एक ठिपका चुकला तर पुढे एक आरक्षण कमी होतं. मुंबईचा 2015 चा प्रारूप आराखडा अशा चुकांवरून गाजला आणि शेवटी तो नव्याने करायला परत पाठवावा लागला. हा पाया कच्चा असला तर वरचं काही टिकत नाही.

दोघा-तिघांनी मिळून, नकाशाची प्रत हातात घेऊन आपला भाग फिरा. बघायचं ते असं:

- ‘शाळा’ दाखवलेली जागा खरंच शाळा आहे का, की भाड्याच्या दोन खोल्यांत चालणारी बालवाडी? तिला मैदान आहे का?
- ‘मैदान’ सोसायटीच्या कुंपणाच्या आत आहे का? मोठ्या रेखांकनात (लेआउटमध्ये) दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ती तिथल्या रहिवाशांची असते. तिला सार्वजनिक मैदानात मोजलं असेल तर हरकत घ्या.
- ‘दवाखाना’ म्हणून खासगी नर्सिंग होम मोजलंय का?
- ‘मोकळी जागा’ म्हणून नाल्याचा काठ, उच्चदाब वाहिनीखालचा पट्टा किंवा रस्ता दुभाजक धरलाय का? हे फार होतं.
- उलटही पाहा: असलेली स्मशानभूमी, आठवडे बाजार, गावची तालीम, जत्रेचं पटांगण नकाशातून गळलंय का?

प्रत्येक जागेचा लोकेशनसकट फोटो घ्या आणि मागे गट नंबर लिहा. फोटोला नुसतं ‘आमचं मैदान’ असं नाव देऊन फोल्डरमध्ये टाकलं तर दहा दिवसांनी कुणालाच काही आठवत नाही.

## 4. गरज मोजा, पण त्यांच्याच पट्टीने

केंद्र सरकारची 2014 ची शहर नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं (यूआरडीपीएफआय) बरेच जण हरकतीत जोडतात. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीचं उत्तर ठरलेलं असतं: ही तत्त्वं मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत. तेव्हा आधी अहवालातल्या प्रमाणकांचा तक्ता काढा आणि त्या तक्त्यानुसारच हिशेब करा. पालिकेने स्वतः मान्य केलेल्या मापाने तूट निघाली तर तिला फेटाळायला कारण उरत नाही. केंद्राचं प्रमाण त्याच्या शेजारी दुसऱ्या रकान्यात तुलनेसाठी ठेवा.

समजा, तुमच्या नियोजन विभागाची (आराखड्यासाठी शहराचे जे भाग पाडतात त्यातल्या तुमच्या भागाची) आराखड्याच्या शेवटच्या वर्षाची लोकसंख्या 60,000 धरली आहे. पद्धत कळावी म्हणून इथे केंद्राच्या प्रमाणांनी हिशेब मांडतो, तुम्ही त्या जागी अहवालातली प्रमाणकं घाला:

- प्राथमिक शाळा: 5,000 लोकांमागे एक, 0.4 हेक्टरची. म्हणजे 12 शाळा, 4.8 हेक्टर.
- माध्यमिक-उच्च माध्यमिक शाळा: 7,500 मागे एक, 1.8 हेक्टरची. म्हणजे 8 शाळा, 14.4 हेक्टर.
- दवाखाना: 15,000 मागे एक. म्हणजे 4.
- परिसराचं उद्यान: 15,000 मागे एक, 1 हेक्टरचं. म्हणजे 4 हेक्टर.
- सगळ्या प्रकारच्या मोकळ्या जागा मिळून: माणशी 10 ते 12 चौरस मीटर. म्हणजे किमान 60 हेक्टर.

यातून आज खरोखर असलेल्या सुविधा वजा करा. वजा करताना शाळेची इमारत आणि शाळेची जमीन वेगळी धरा. इमारतीत वर्ग भरतात म्हणून शाळांची संख्या जमली, तरी हेक्टरांची तूट कायम राहते. उरलेली गरज आणि प्रारूप आराखड्यातली आरक्षणं शेजारी मांडा. फरक म्हणजे तुमचा ‘किती’.

अग्निशमन केंद्र आणि पोलिस ठाणं नुसत्या लोकसंख्येवर मोजू नका. केंद्राच्या प्रमाणांत दोन लाख लोकांमागे किंवा पाच ते सात किलोमीटरच्या परिघात एक अग्निशमन केंद्र येतं. 60,000 च्या भागाला स्वतःचं केंद्र नसेल तर बिघडत नाही, पण जवळच्या केंद्राची गाडी मधल्या रेल्वे फाटकावर अडकत असेल तर ते लिहायलाच हवं.

तपासून घ्या: हेक्टर, आर, चौरस मीटर यांची सरमिसळ झाली नाही ना? एक हेक्टर म्हणजे 100 आर, 10,000 चौरस मीटर, साधारण अडीच एकर. प्राथमिक शाळेचं 0.4 हेक्टर म्हणजे 40 आर. हरकतींमध्ये शून्याची चूक सहज होते, आणि एक शून्य चुकलं की बाकीच्या कागदावरचाही विश्वास उडतो.

## 5. प्रत्येक आरक्षणाच्या जागी जाऊन उभे राहा

हा टप्पा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात उपयोगाचा. कागदावर 14 हेक्टर शाळा दिसतील, पण त्यातल्या किती प्रत्यक्षात उभ्या राहू शकतात ते नकाशावरून कळत नाही. यादीतल्या तुमच्या भागातल्या प्रत्येक आरक्षणाजवळ जा आणि एकेक गोष्ट पडताळा.

रस्ता. जागेपर्यंत आज गाडी जाते का? नकाशात तिला लागून डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, दाखवलेला असतो, पण तो रस्ताही अजून आरक्षणच आहे. रस्ता खासगी शेतातून गेला असेल आणि ताब्यात आला नसेल तर शाळेच्या आधी रस्ता हवा. हरकतीत दोन्ही एकत्र लिहा.

आकार. रेखांकनं काढून उरलेले त्रिकोण आणि लांबट पट्ट्या मैदान म्हणून दाखवण्याची सवय जुनी आहे. क्षेत्र भरतं, पण 20 मीटर रुंद पट्टीवर फुटबॉल खेळता येत नाही. नकाशाच्या प्रमाणाने लांबी-रुंदी मोजा आणि लिहा.

पूररेषा आणि उतार. नदीकाठच्या शहरांत निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत उद्यान किंवा मैदान चालतं, शाळा-रुग्णालय चालत नाही. लाल-निळ्याच्या मधे दवाखाना दाखवला असेल तर पावसाळ्यात रुग्ण तिथे पोहोचणार कसे, हा साधा प्रश्न विचारा. टेकडीवर 1:5 किंवा त्याहून जास्त उतार असेल तर बांधकामाला परवानगी मिळत नाही. अशा जागी दाखवलेली शाळा कधीच होणार नाही.

वस्ती. गुंठेवारीची साठ घरं उभी असलेल्या गटावर क्रीडांगण दाखवलेलं असतं. ती घरं हलवायची ताकद पालिकेत नसते आणि खरं म्हणजे हलवूही नयेत. असं आरक्षण मिळणाऱ्या सुविधांच्या यादीतून वजा करा आणि तेवढंच क्षेत्र जवळच्या मोकळ्या जागेवर मागा. ‘घरं पाडा आणि मैदान करा’ असं लिहिलंत तर समितीसमोर तुमच्याविरुद्ध तीच साठ कुटुंबं उभी राहतील.

मालकी. सातबारा पाहा. सरकारी, गायरान किंवा पालिकेच्याच नावावरची जमीन असेल तर आरक्षण लवकर प्रत्यक्षात येतं. तुमच्या भागात अशी जमीन रिकामी पडलेली असताना शाळा खासगी शेतावर दाखवली असेल, तर पर्याय म्हणून सरकारी गट सुचवा. पालिकेच्या तिजोरीवरचा भूसंपादनाचा भार वाचतो, त्यामुळे अशी सूचना मान्य होण्याची शक्यता बरीच असते.

अंतर. राज्याच्या शिक्षणहक्क नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा अपेक्षित आहे. सगळ्या प्राथमिक शाळा महामार्गाच्या एकाच बाजूला दाखवल्या असतील तर संख्या पुरूनही निम्म्या मुलांना महामार्ग ओलांडावा लागतो.

आता जुना मंजूर आराखडा नव्याशेजारी ठेवा आणि गायब झालेली आरक्षणं शोधा. जुन्यात हिरवा असलेला तुकडा नव्यात पिवळा, म्हणजे निवासी, झालेला दिसला की थांबा. कधी त्याला कारण असतं: आरक्षण व्यपगत झालेलं असतं (मुदतीत जमीन न घेतल्याने रद्द), किंवा न्यायालयाचा आदेश असतो. कधी काहीच कारण नसतं. अहवालात कारण सापडलं नाही तर ‘जुन्या आराखड्यातील आरक्षण क्रमांक अमुक वगळण्याचं कारण अहवालात नमूद नाही, ते कायम ठेवावं’ एवढंच एक वाक्य पुरतं. माझ्या मते सगळ्या हरकतींमध्ये ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात टोचणारी हरकत आहे.

सावधान: ‘समावेशक आरक्षण’ म्हणून दाखवलेल्या जागा पूर्ण सुविधेत मोजू नका. अशा जागी मालक काही भागावर सुविधा बांधून पालिकेला देतो आणि उरलेलं स्वतः विकसित करतो. तुमच्या वाट्याला नेमकं किती येईल ते विकास नियंत्रण नियमावलीतून पाहून तेवढंच धरा.

## 6. कुणालाच नको असलेली आरक्षणं

शाळा-मैदानांवर हजार हरकती येतात. पाण्याची टाकी, मैलाशुद्धीकरण केंद्र, कचऱ्याचं वर्गीकरण केंद्र, स्मशान, बस आगार यांच्यावर येतात त्या ‘आमच्या इथे नको’ एवढ्याच. याने नुकसान तुमचंच होतं.

60,000 लोकांना माणशी रोज 135 लिटर धरलं तर 81 लाख लिटर पाणी लागतं. त्यातलं सुमारे 80 टक्के सांडपाणी होतं, म्हणजे रोज 65 लाख लिटर. ते जमिनीच्या उतारानेच वाहणार, त्यामुळे शुद्धीकरण केंद्र भागाच्या खालच्या टोकालाच लागतं आणि टाकी उंचावर. तुमच्या भागातून ही आरक्षणं उडाली तर ती दुसरीकडे जात नाहीत, नुसती उडतात. मग दहा वर्षांनी टँकर येतात आणि नाला काळा होतो. नको असेल तर दुसरी जागा सुचवा, उतार आणि पोहोचरस्ता पाहून. तेही जमत नसेल तर हद्दीलगत झाडांचा पट्टा आणि बंदिस्त बांधकाम मागा.

## 7. हरकत लिहा

आता लिहायला बसा. एका जागेला एक हरकत, एका हरकतीला शक्यतो एक पान. दहा मुद्दे एकाच अर्जात घातले की समिती त्यातल्या सोप्या मुद्द्याचं उत्तर देते आणि अर्ज निकाली काढते.

नमुना असा (क्रमांक अर्थातच तुमचे घाला):

*विषय: प्रारूप विकास आराखडा, मौजे ______, आरक्षण क्र. 57 (प्राथमिक शाळा व क्रीडांगण), गट क्र. 112 भाग, याबाबत हरकत व सूचना.*

*1. वरील आरक्षणाचे क्षेत्र 0.40 हेक्टर दर्शविले आहे. त्यापैकी अंदाजे 0.15 हेक्टर क्षेत्र नाल्यात व उच्चदाब वीजवाहिनीखाली येते (छायाचित्रे व स्थळनकाशा सोबत).*

*2. अहवालातील प्रमाणकांनुसार या नियोजन विभागास 12 प्राथमिक शाळा आवश्यक आहेत. विद्यमान 3 व प्रस्तावित 6 मिळून 9 होतात. 3 शाळांची तूट राहते (तक्ता सोबत).*

*3. सूचना: आरक्षण क्र. 57 लगतच्या गट क्र. 113 वर 0.40 हेक्टर क्षेत्रात हलवावे. सदर गट शासकीय असून त्यास विद्यमान 12 मीटर रस्ता उपलब्ध आहे (सातबारा सोबत).*

*4. सुनावणीस समक्ष उपस्थित राहून म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.*

यात रागाचा एकही शब्द नाही आणि बिल्डरचं नावही नाही. ‘अमक्याच्या फायद्यासाठी मैदान हलवलं’ हे खरं असलं तरी इथे लिहू नका. पुरावा नसलेला आरोप हरकत कमकुवत करतो. तो वाद पत्रकार परिषदेत घाला. चौथा मुद्दा कुणीही विसरू नये.

सह्यांचं म्हणाल तर एकाच मजकुराच्या पाचशे प्रतींपेक्षा वेगवेगळ्या जागांच्या पंधरा हरकती जड पडतात. पुण्याच्या 2013 च्या प्रारूप आराखड्यावर 80 हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. त्या ढिगाऱ्यात वेगळा उठून दिसतो तो तक्ता जोडलेला कागद.

## 8. दाखल करा

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ऑनलाइन दाखल केली तर पोचपावतीचा स्क्रीनशॉट घ्या आणि जोडपत्रं खरंच अपलोड झाली का ते उघडून पाहा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल बंद पडतं, यावर पैज लावायला हरकत नाही.

## 9. सुनावणीत चार-पाच मिनिटं मिळतात

कलम 28 प्रमाणे नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. हरकत घेणाऱ्याला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. नोटीस येते ती अर्जातल्या पत्त्यावर, म्हणून पत्ता आणि मोबाइल नंबर ठळक लिहा. दहा जणांनी मिळून हरकत घेतली असेल तर एकाच्या नावे अधिकारपत्र द्या.

आत गेल्यावर भाषण करू नका. आरक्षण क्रमांक सांगा, ए-3 कागदावर छापलेला स्थळनकाशा समितीसमोर ठेवा, तूट एका वाक्यात सांगा आणि पर्यायी गटावर बोट ठेवा. तज्ज्ञ सदस्य प्रश्न विचारतात, नगरसेवक बहुधा ऐकून घेतात. प्रश्न बहुतेक वेळा पर्यायी जागेबद्दल असतो: ‘तिथे अतिक्रमण आहे का?’ आदल्या दिवशी जाऊन पाहिलं असेल तर उत्तर तुमच्याकडे असेल. बाहेर पडण्याआधी एक पानी लेखी म्हणणं द्या आणि त्याचीही पोच घ्या.

## 10. सुनावणीनंतर फाइल बंद करू नका

समिती अहवाल देते, पालिका त्यावरून बदल करते, बदलांची यादी प्रसिद्ध होते आणि आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो. इथे बहुतेक नागरिक गट विसर्जित होतात. शासनाने आणखी मोठे बदल सुचवले तर कलम 31 खाली ‘वगळलेला भाग’, म्हणजे ईपी, म्हणून त्यांची वेगळी सूचना निघते आणि त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. तुमचं वाचवलेलं मैदान इथे दुसऱ्यांदा हातचं जाऊ शकतं. ईपी यादीत आपले आरक्षण क्रमांक शोधा.

आराखडा अमलात आला ती तारीख वहीत लिहा, कारण तिथून कलम 127 ची दहा वर्षं सुरू होतात. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, संपादनाची कारवाईही सुरू झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेने पाऊल उचललं नाही की आरक्षण व्यपगत होतं आणि शेजारच्या जमिनीसारखं तिथे बांधकाम करता येतं. म्हणून आठव्या-नवव्या वर्षी जागं व्हायचं नाही. पहिल्याच वर्षापासून दर अर्थसंकल्पाआधी, प्रभागातल्या दोन आरक्षणांचं संपादन मागा. सगळी मागितली तर एकही होत नाही. आधी सरकारी जमिनीवरची, मग ज्यांचा मालक टीडीआर (रोख पैशांऐवजी दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायला तयार आहे ती, आणि रोख मोबदल्याची शेवटी.

मधल्या काळात कलम 37 खाली फेरबदलाच्या सूचना निघत राहतात. त्यांची हरकतींची मुदत एक महिन्याची असते आणि जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात येते. तुमच्यातल्या एकाला तेवढंच काम द्या.

आणि ताबा मिळाला, फलक लागला, फीत कापली गेली, तरी महिन्याभराने त्या गटाचा सातबारा काढून पाहा. भोगवटादार म्हणून पालिकेचं नाव लागलेलं नसेल तर फेरफाराचा अर्ज कुणी केला, कधी केला आणि तलाठ्याकडे तो कुठे अडकलाय, हे लेखी विचारा.